फॉस्फेट उतरवलं की चौथ्या दिवशी परत वर: रीफ टाकीत हिशेब कुठे चुकतो

माझी रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. रविवारी फॉस्फेट ०.२५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). घाबरून रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे टाकीचं पाणी ज्यातून फिरतं त्या नळकांड्यात, जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे भरले. बुधवारी ०.०४. जमलं म्हणायचं! पुढच्या रविवारी ०.१९. मग जीएफओ दुप्पट केला, माशांचा खाऊ निम्मा केला, आणि महिन्याभरात किटच्या नळीत निळा रंगच येईना. शून्य. त्यानंतर तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा, बुडबुडे धरलेला थर आला. तो घालवायला जीएफओ काढला, खाऊ वाढवला. फॉस्फेट परत ०.२ च्या वर, आणि या खेपेला दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ. पुन्हा जीएफओ.

हे चक्र माझ्या २०० लिटरच्या टाकीत तीन वेळा पूर्ण फिरलं. दर वेळी वाटायचं, उपाय कमी पडला. वहीतले जुने आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा कळलं की उपाय कमी नव्हता, जास्तच होता. मी आकडा चुकीचा वाचत होतो. टेस्ट किट दाखवतं ती फक्त शिल्लक. किती आलं, किती गेलं आणि किती दगडांच्या पोटात दडून बसलंय, यातलं काही ते सांगत नाही. फॉस्फेट ०.०२ असलेल्या एखाद्या टाकीत दिवसभर भरपूर येत-जात असतं आणि कोरल फुललेले असतात. तेवढंच ०.०२ दाखवणारी दुसरी टाकी उपाशी असते.

तुमचंही रीडिंग सापशिडीसारखं चढत-उतरत असेल तर खालच्या क्रमाने बघा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण शेवटून सुरुवात केली की पैसा आणि कोरल दोन्ही जातात.

आधी किटवर संशय घ्या

सलग दोन दिवस, एकाच वेळी, दिवे लागण्याआधी टेस्ट करा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर टाकीला हात लावू नका, टेस्ट सुधारा. नळी टाकीच्याच पाण्याने तीनदा विसळा, बाहेरून पुसा, बोटांचे ठसे आणि काचेला चिकटलेले बुडबुडे घालवा. पावडर टाकून हलवायला सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून मोजा. नायट्रेटच्या काही किटांमध्ये एका बाटलीतला घटक तळाशी बसतो. ती बाटली जोरजोरात हलवली नाही तर नायट्रेट कमी दिसतं आणि माणूस खूश होतो. सॅलिफर्टच्या नायट्रेट किटमध्ये नळी वरून न बघता बाजूने बघितली तर आलेला आकडा दहाने भागायचा असतो. हे विसरून २५ ला घाबरलेले आणि प्रत्यक्षात २.५ असलेले लोक मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

एककांचा घोळ याहून वाईट. काही किट ‘नायट्रेट’ दाखवतात, काही ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ ने गुणला की नायट्रेट मिळतं. फॉस्फेटचं तसंच. हॅना कंपनीचा एक चेकर, म्हणजे हातात मावणारं मोजायचं यंत्र, फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग). त्या आकड्याला ३.०७ ने गुणायचं आणि हजाराने भागायचं. म्हणजे स्क्रीनवर २० आलं तर फॉस्फेट साधारण ०.०६ पीपीएम. त्या यंत्राची चूक ±५ पीपीबी असते, म्हणजे फॉस्फेटमध्ये ±०.०१५. काल ०.०५ आणि आज ०.०६ आलं तर काहीही बदललेलं नाही. शून्य आलं तरी ते खरंच शून्य असेल असं नाही, आणि ०.०१ आलं तर ते शून्यही असू शकतं.

पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेटचं रीडिंग फुगतं, कारण बरीच किटं नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मगच रंग आणतात. नव्या टाकीत नायट्रेट एकदम ५०-८० दिसलं तर आधी नायट्राइट तपासा. टाकीचं सायकलच पूर्ण झालेलं नसतं, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू अजून पुरते बसलेले नसतात, आणि आपण नायट्रेट उतरवायला धावतो.

आवक: खाऊ तोलून बघा

‘मी चिमूटभरच टाकतो’ असं प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणायचो. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर आठवडाभराच्या चिमट्या तोलल्या. दिवसाला १.४ ग्रॅम निघाल्या.

एका ग्रॅमचा हिशेब असा. कोरड्या खाऊत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास धरली आणि प्रथिनातला नायट्रोजन १६ टक्के धरला, तर एका ग्रॅमात ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. तो सगळा नायट्रेट झाला तर जवळपास ३२० मिलिग्रॅम, म्हणजे २०० लिटर पाण्यात १.६ पीपीएम. खाऊत फॉस्फरस १ टक्का धरला तर त्याचं फॉस्फेट होतं ३० मिलिग्रॅम, त्याच पाण्यात ०.१५ पीपीएम. एका दिवसात! आठवड्याला नायट्रेट ११ आणि फॉस्फेट १ पीपीएमच्या वर. माशांच्या अंगी लागतं ते यातून वजा होतं, पण मोठ्या माशांत तो वाटा लहान असतो. टाकीत प्रत्यक्षात एवढं चढत नाही, याचा अर्थ स्किमर (फेस करून त्यातून घाण उचलणारं यंत्र), जिवाणू, शेवाळ, कोरल आणि पाणी बदलणं मिळून यातला बहुतेक भाग रोज उचलतात. दिसते ती उरलेली किंचित शिल्लक. म्हणूनच आवक पाव ग्रॅमने इकडे-तिकडे झाली तरी महिन्याभरात शिल्लक भलतीकडे जाते.

गोठवलेला खाऊ गाळणीत धुऊन टाकावा, वितळलेल्या पाण्यात फॉस्फेट असतं, असं सर्रास सांगतात. असतं, पण फार थोडं. खरा फॉस्फरस खाऊच्या अंगात असतो आणि तो धुतला जात नाही. धुवायचं तर धुवा, मात्र तेवढ्यावर फॉस्फेट उतरेल ही आशा धरू नका. आणि खाऊ एकदम निम्मा करण्याच्या मी विरोधात आहे. मासे रोडावतात, आणि पाण्यात विरघळलेल्या फॉस्फेटबरोबरच कोरलना मिळणारे सगळे अन्नकण, माशांची विष्ठा, बारीक प्लवक हेही आटतं. खाऊ आहे तो नेमका करा. तीन माणसं तीन वेळा टाकत असतील तर एकाने टाका, दिवसाचा वाटा सकाळी डबीत काढून ठेवा. माझ्या १.४ चा १ ग्रॅम असाच झाला, माशांना पत्ताही लागला नाही.

आवकेच्या आणखी दोन वाटा पटकन तपासून मोकळे व्हा. एक, आरओ-डीआयचं पाणी, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनने उरलेले क्षार काढलेलं पाणी. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं म्हणजे पाणी कोरं असं नाही. डीआय रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकेट निसटतं, आणि ते मीटरला जवळजवळ दिसतच नाही. काचेवर दोन दिवसांत तपकिरी भुकटी बसायला लागली तर रेझिन बदला. दोन, नव्याने कालवलेलं मिठाचं पाणी. टाकीत ओतण्याआधी एकदा त्याचंच नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. हे कुणी करत नाही, आणि केलं की कधी कधी कोडं तिथेच सुटतं.

फॉस्फेट परत येतं कुठून

आता मूळ दुखणं. आपल्या टाकीतले दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असतात, आणि फॉस्फेट कार्बोनेटच्या पृष्ठभागाला चिकटतं. पाण्यात फॉस्फेट वाढलं की दगड ते धरून ठेवतात. पाण्यातलं कमी झालं की सोडतात. हा व्यवहार दोन्ही दिशांनी चालतो आणि जोपर्यंत पाणी आणि दगड यांचा तोल जमत नाही तोपर्यंत थांबत नाही. वर्षभर ०.३ वर चाललेल्या टाकीत दगडांनी पाण्यापेक्षा कितीतरी पट फॉस्फेट साठवलेलं असतं. तुम्ही जीएफओने पाणी साफ केलंत, दगडांनी पुन्हा भरलं. जीएफओ फसवा निघाला नाही, त्याने त्याचं काम चोख केलं. आपण विहिरीचं पाणी उपसलं आणि झऱ्यांना विसरलो, इतकंच.

झरा दगडांचा की खाऊचा, हे ओळखता येतं. मीडिया, म्हणजे जीएफओसारखे शोषक दाणे, काढून ठेवा, खाऊ नेहमीइतकाच द्या आणि सहा-सात दिवस रोज मोजा. पहिल्या दोन-तीन दिवसांत झपकन वर जाऊन मग चढण मंदावली तर दगड सोडताहेत. रोज सारख्याच पायरीने चढत राहिलं तर आवक जास्त आणि जावक कमी आहे. पक्कं करायचं असेल तर टाकीतला मुठीएवढा दगड नव्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवा, छोटा पंप लावा, काही खायला घालू नका. तीन दिवसांनी त्या पाण्यात फॉस्फेट मोजा. शेजारी दगड नसलेली तशीच बादली ठेवली तर तुलना स्वच्छ होते. पाणी गाळायचा नवा कोळसा किंवा कुठलाही नवा मीडिया फॉस्फेट सोडतो का, हेही याच बादलीत कळतं.

दगड भरलेले निघाले तर दोनच गोष्टी लागतात: सावकाशपणा आणि सातत्य. मी नेमकं उलट करत होतो, एकदम भरपूर जीएफओ आणि मग महिनाभर सुट्टी. त्याने पाण्यातलं फॉस्फेट दोन दिवसांत तळाला जातं, कोरलना धक्का बसतो, दगड मात्र भरलेलेच राहतात. आता पाकिटावरच्या मात्रेच्या एक चतुर्थांशापासून सुरू करतो. दाणे आरओ पाण्याने गंजाची लाल धूळ जाईपर्यंत धुतो, आणि दर तिसऱ्या दिवशी मोजतो. माझ्या हाताचा नियम असा की आठवड्यात आहे त्याच्या पाव भागापेक्षा जास्त खाली आणायचं नाही: ०.३० वरून ०.२२, मग ०.१७, असं. मीडियाची ताकद संपली की रीडिंग परत सरकायला लागतं, तेव्हाच बदलायचा, कॅलेंडर बघून नाही. माझ्या दगडांना रिकामं व्हायला पाच महिने लागले. दुसऱ्या महिन्यात मी वैतागून सगळं सोडणार होतो, कारण मीडिया बदलायला दोन दिवस उशीर झाला की आकडा परत तिथेच.

लँथनम क्लोराइडचं सांगायला हवं, कारण ते स्वस्त आहे आणि मोह होतो. ते फॉस्फेटशी जोडलं जाऊन दुधाळ साका बनवतं, आणि हा साका टाकीत न जाता अगदी बारीक, १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या कापडी पिशवीत, अडकायला हवा. थेंब-थेंब, सॉकच्या तोंडाशी, तासन्‌तास. पाणी धुरकट झालं की टँगसारख्या माशांचा श्वास वाढतो. मोठ्या, फार चढलेल्या टाकीला ते योग्य असेल. २०० लिटरसाठी मी बाटली उघडणार नाही.

नायट्रेटची गोष्ट वेगळी

नायट्रेट दगडांना चिकटत नाही. त्यामुळे पाणी बदललं की ते खरंच जातं. तरीही ‘दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो, नायट्रेट २० च्या खाली येतच नाही’ ही तक्रार कायम ऐकू येते. गणित केलं की तक्रार उरत नाही. आठवड्याला २ पीपीएम तयार होत असेल आणि तुम्ही १० टक्के काढत असाल, तर आकडा २० वर जाऊन स्थिरावणारच, कारण २० चे १० टक्के म्हणजे २. जेवढं आलं तेवढंच गेलं. १५ टक्के बदलायला लागलात तर तो १३ वर थांबेल. एकदाच चढलेलं उतरवायचं असेल तर ५० वरून २० टक्क्यांचे पाच बदल १६ पर्यंत आणतात, मधल्या काळात तयार झालेलं सोडून. म्हणजे पाणी बदलून शिल्लक खाली ओढता येते, पण ती कुठे थांबणार हे आवक ठरवते.

आवक कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाळ काढणं. फिल्टर सॉकमध्ये अडकलेली विष्ठा आणि खाऊ पाण्यातून गेलेला नसतो, फक्त एका जागी गोळा झालेला असतो आणि तिथेच कुजून नायट्रेट बनतो. सॉक दर तीन-चार दिवसांनी बदलायचा, नाहीतर लावायचाच नाही. सम्पचा (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीचा) तळ, दगडांमागची मेलेल्या प्रवाहाची जागा, पाणी जिथून सांडून सम्पमध्ये जातं तो ओव्हरफ्लोचा डबा, इथला गाळ पाणी बदलताना नळीने ओढा. नळी तोंडाने ओढू नका. का, ते पुढे येईल. जुनी खोल वाळू मात्र एका दिवसात ढवळू नका. एका वेळी एक पट्टा. स्किमरबद्दल एक गैरसमज: तो नायट्रेट किंवा फॉस्फेट थेट काढत नाही. तो प्रथिनं आणि इतर सेंद्रिय पदार्थ कुजण्याआधी उचलतो, म्हणून त्याचा कप आणि गळा स्वच्छ असणं हे नायट्रेटचंच काम आहे.

जाता जाता एक खूण. अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद, खर्च होते, ५० पीपीएम नायट्रेटमागे सुमारे २.३ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक). कॅल्शियम जागेवर आहे पण अल्कलिनिटी कारण नसताना घसरतेय आणि नायट्रेट चढतंय, असं दिसलं तर दोन आजार समजू नका, आजार एकच आहे.

एक शून्यावर, दुसरं आभाळात

नायट्रेट ४०, फॉस्फेट शून्य. व्हिनेगर किंवा व्होडका दोन महिने देऊन झालं, नायट्रेट हलत नाही. ही सर्वात चिवट तक्रार, आणि तिचं उत्तर उलटं वाटतं: फॉस्फेट वाढवा.

कार्बन डोसिंगमध्ये आपण जिवाणूंना साखरेऐवजी दारू किंवा आम्ल खायला घालतो. ते वाढतात, वाढताना पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस अंगात घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. पण अंग बनवायला दोन्ही लागतं. आल्फ्रेड रेडफिल्ड या समुद्रशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांमध्ये या मूलद्रव्यांचं प्रमाण जगभर जवळपास सारखं असल्याचं दाखवलं. आज ते कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असं अणूंच्या संख्येत सांगतात. आपल्या किटच्या भाषेत वजनाने मांडलं तर १ भाग फॉस्फेटमागे १० भाग नायट्रेट. ज्या टाकीत फॉस्फेटच नाही तिथे जिवाणूंपुढे पोतंभर पीठ आहे, पण पाण्याचा थेंब नाही. कितीही व्हिनेगर ओता, भाकरी होणार नाही. ०.०३-०.०५ पर्यंत फॉस्फेट आणलं की तोच व्हिनेगर काम करायला लागतो.

उलटी बाजूही तितकीच खरी. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.३ असेल तर रेफ्युजियममधला (शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यातला) कीटो, म्हणजे ते तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ, पांढरा पडून विरघळतो आणि फॉस्फेट तसंच राहतं. तिथे थोडं नायट्रेट घातलं की कीटो वाढतो आणि जाताना फॉस्फेट घेऊन जातो.

रेडफिल्डचा आकडा हातात आला म्हणून पाणी नेमकं १०:१ करायला निघू नका. ते प्रमाण सजीवांच्या शरीराचं आहे, पाण्यातल्या शिल्लकीचं नव्हे. मी एक पूर्ण उन्हाळा त्या प्रमाणामागे घालवला, ०.०८ ला ८, ०.०६ ला ६ असं करत, आणि त्या काळात टाकीत एकही गोष्ट सुधारली नाही.

कार्बन डोसिंग सुरू करायचंच असेल तर ५ टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर, १०० लिटरला दिवसाला सुमारे १ मिली, आठवडाभर. मग हळूहळू वाढवत जा. पाणी दुधाळ झालं तर डोस बंद, हवा जास्त, स्किमर चालू. जिवाणू ऑक्सिजन वापरतात आणि रात्री तो आधीच कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून असतील तर उशीर होतोय. स्किमर नसलेल्या टाकीत हा खेळ खेळू नये.

दोन्ही शून्य आणि वाळूवर शेंबूड

आधी एक खोटं शून्य बाजूला काढू. दगडांवर केसाळ शेवाळ डोलतंय आणि किट शून्य म्हणतंय, तर पाण्यात काही नाही कारण सगळं शेवाळाच्या पोटात आहे. अशा वेळी ‘शून्य आहे, म्हणजे फॉस्फेटचा प्रश्नच नाही’ म्हणणं चूक, आणि जीएफओ वाढवणंही फारसं उपयोगी नाही. शेवाळ हाताने उपटा, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी वाढवा. उपटलेली प्रत्येक मूठ ही बाहेर काढलेली पोषकद्रव्यं आहेत.

खऱ्या शून्याची लक्षणं वेगळी. कोरल फिके, पिवळट पडतात, पॉलिप, म्हणजे कोरलची नाजूक फुलासारखी तोंडं, बाहेर येत नाहीत, अल्कलिनिटी ९-१० डीकेएच ठेवली असेल तर एसपीएसची, म्हणजे बारीक पॉलिपच्या कडक कोरलची, टोकं जळाल्यासारखी पांढरी होतात. कोरलच्या अंगात राहणाऱ्या एकपेशीय शैवालांना फॉस्फेट लागतं. २०१३ साली साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की नायट्रोजन मुबलक आणि फॉस्फेट दुर्मीळ अशी स्थिती झाली की हे शैवाल ताणाखाली येतं आणि प्रकाश व उष्णतेने कोरल लवकर ब्लीच होतात, म्हणजे शैवाल गमावून पांढरे पडतात. दोन्हींमधला असा असमतोल नुसत्या कमीपणापेक्षा वाईट.

आणि डायनो. डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्म जीवांना स्पर्धक नको असतात. पोषकद्रव्यं तळाला गेली की हिरवं शेवाळ आणि जिवाणू मागे पडतात आणि यांना मैदान मोकळं मिळतं. दिवसा वाढणारा, बुडबुडे धरणारा, रात्री विरळ होणारा तपकिरी थर हे पहिलं लक्षण. खात्रीसाठी थोडा थर बाटलीत घ्या, खूप हलवा, जाड टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवा. त्यात पुन्हा तंतू, गोळे जमले तर डायनो. साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तमच, कारण जातीवर उपाय ठरतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो, म्हणून त्याला यूव्ही, म्हणजे पाणी ज्यासमोरून फिरवतात तो अतिनील दिवा, लागू पडतो. वाळूत राहणारा अ‍ॅम्फिडिनियम वर येतच नाही, त्याच्यासाठी यूव्हीचा खर्च वाया. गोगलगायी एकामागोमाग मरत असतील तर ऑस्ट्रिऑप्सिसचा संशय धरा. त्यात विषारी जाती आहेत, आणि नळी तोंडाने ओढू नका म्हटलं ते यासाठी.

जीएफओ पूर्ण बंद करा, व्हिनेगर बंद करा आणि दोन्ही आकडे वर आणा. पाणी बदलणंही काही काळ थांबवा, नव्या पाण्याने डायनोंना उलट जोर येतो. आकडे वर आणायला मी खाऊ वाढवण्यापेक्षा मोजून डोस देणं पसंत करतो, कारण खाऊचा हिशेब लागत नाही. १ लिटर आरओ-डीआय पाण्यात १३.७ ग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट विरघळवा. या द्रावणाचे १० मिली १०० लिटर पाण्यात नायट्रेट १ पीपीएमने वाढवतात. फॉस्फेटसाठी १ लिटरमध्ये ४ ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट (स्फटिकी, बारा पाण्याचे रेणू असलेलं, निर्जल असेल तर १.७ ग्रॅम). त्याचा १ मिली १०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएम वाढवतो. हातमोजे घाला, हे द्रावण अल्कधर्मी असतं. टाकीचं आकारमान धरताना दगड-वाळूची जागा वजा करा. माझ्या २०० लिटरच्या टाकीत पाणी १६५ लिटरच आहे, आणि हे मला फार उशिरा सुचलं.

पहिल्या आठवड्यात फॉस्फेट घालूनही दुसऱ्या दिवशी गायब होईल. कोरडे, नवे दगड असतील तर जास्तच. तोच दगडांचा व्यवहार, आता उलट्या दिशेने. दगडांचं पोट भरेपर्यंत रोज थोडं घालत राहा, रोज मोजा, आणि एका दिवसात ०.०३ पेक्षा जास्त घालू नका. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५-०.१ वर टिकलं की डायनो हळूहळू हिरव्या शेवाळाला जागा सोडतात. ते हिरवं दिसल्यावर हात शिवशिवतात. जीएफओच्या डब्याकडे जाऊ नका. माझं तिसरं चक्र नेमकं इथे सुरू झालं होतं.

किती असावं, आणि कधी गप्प बसावं

मिश्र रीफसाठी, म्हणजे मऊ आणि कडक कोरल एकत्र असलेल्या टाकीसाठी, नायट्रेट २ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात मी समाधानी असतो. खुल्या समुद्रातल्या रीफवर आकडे याहून बरेच कमी असतात, पण तिथे प्रवाह चोवीस तास प्लवक आणून घालतो. आपल्या टाकीत तो नाही, त्यामुळे समुद्राचा आकडा उचलून इथे लावणं कोरलवर अन्याय आहे. आणि ज्या टाकीत नायट्रेट २५, फॉस्फेट ०.१५ असूनही कोरल वाढताहेत, रंग आहे, काच चार दिवसांतून एकदा पुसावी लागते, तिथे काय दुरुस्त करायचं? मी काहीच करणार नाही.

बदल करायचा तर एका वेळी एकच, आणि त्याचा परिणाम बघायला दोन आठवडे. खाऊ, मीडिया आणि दिव्याचे तास तिन्ही एका रविवारी बदलले तर पुढच्या रविवारी कशाने काय झालं ते कुणालाही सांगता येणार नाही. वहीत आकड्याशेजारी त्या दिवशी केलेलं कामही लिहा. मला चक्र दिसलं ते त्या रकान्यामुळे.

एका रात्रीत उडी

वरचं सगळं हळू चढणाऱ्या आकड्यांसाठी. काल नायट्रेट ८ होतं आणि आज २०, फॉस्फेट दुप्पट, स्किमरचा कप अचानक काळ्या पाण्याने भरलेला, असं असेल तर कुठलाही मीडिया उघडू नका. अमोनिया मोजा आणि कोळसा लावा. मग मासे मोजा. दगडाच्या भेगेत अडकून मेलेला एक मासा हे सगळं एकटा करू शकतो. मासे पूर्ण असतील तर खेकडे, कोळंबी, मग मोठ्या गोगलगायी बघा. जी दोन दिवस जागची हलली नाही ती उचलून नाकाशी धरा. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा आला की पुढच्या वेळी टाकीचं झाकण उघडतानाच कळतं.